उभ्या वाटा, आडवी तापी

बेटावदच्या चहाच्या टपरीवर आम्ही दोघं भेटलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मी जळगावहून पॅसेंजरने आलो होतो, धुळ्याचा मित्र एस.टी.ने. दोघांच्या पाठीवर पिशव्या आणि पायात बूट बघून टपरीवाल्या बाबांनी विचारलं, “कथा निंघनात भो?”

“मुडावद. पायी.”

“पायी कसाले? गाडी शे ना.” मग थोडं थांबून, “आनि तठे काय शे? यात्रा ते शिवरातले ऱ्हास.”

मित्र म्हणाला, “पांझरा कोठे सरस ते देखाले जाई राह्यनूत.”

बाबांनी आमच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत तापीकाठाने जितक्या वेळा चाललो, तितक्या वेळा हा प्रश्न भेटला. तठे काय शे? हा लेख त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. बाबांना ते पटेलच असं नाही.

खान्देशला समुद्र नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाला किनाऱ्याने चालायचं मनात आलं तर रात्रभर गाडीत बसून कोकण गाठावं लागतं, आणि तिथे पोचल्यावर माणूस चालत नाही, मासे खातो. पण भूगोलाच्या पुस्तकातले दोन आकडे एकदा शेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर, असं आपण शाळेत घोकलं. तापीची लांबी ७२४. मुलताईला उगम, मग मध्यप्रदेशात २८२, महाराष्ट्रात २२८ आणि गुजरातेत २१४ किलोमीटर वाहून ती सुरतेपुढे समुद्राला मिळते. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला तापीचे दोन्ही काठ धरून साडेचारशे किलोमीटरचा किनारा येतो. आम्ही खान्देशी लोक तो फक्त पुलावरून पाहतो. गाडी पुलावर चढली की खिडकीतून हात बाहेर येतो, नाणं पडतं, हात कपाळाला लागतो, पूल संपतो. तापीच्या नुसत्या स्मरणाने पुण्य मिळतं असं जुने लोक सांगतात. आम्ही ते फारच मनावर घेतलं आहे.

काठावर न जाण्याचं कारण आळसाइतकंच इतिहासातही आहे. खान्देशच्या जुन्या राजधान्या तापीच्या काठावरच होत्या, आधी थाळनेर आणि मग बऱ्हाणपूर. इंग्रजांच्या काळात कापूस वाढला, कापसामागे रेल्वे आली, आणि गावांचं नशीब नदीवरून रुळांवर गेलं. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. दोन्हीपैकी एकही तापीवर नाही. धुळ्याला पांझरा आहे, जळगावला जवळून गिरणा जाते. तापी दोघांचीही आई, पण राहायला दोघंही वेगळे.

सुरत-भुसावळ लाइनला आमच्याकडे अजून ‘ताप्ती लाइन’ म्हणतात. ती बांधणाऱ्या कंपनीचं नावच ‘ताप्ती व्हॅली रेल्वे’ होतं. १९०० च्या सुमारास गाड्या अमळनेरपर्यंत धावू लागल्या. नावातच ताप्ती असलेली ही लाइन खान्देशात एकदाही तापी ओलांडत नाही. धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा ही सगळी स्टेशनं नदीच्या दक्षिणेला, थोडं अंतर राखून बसली आहेत. प्रवासभर उत्तरेकडच्या खिडकीतून कापूस, दादर ज्वारी, मका आणि फार लांब सातपुड्याची निळी रेघ दिसते. नदी दिसत नाही. ती त्या रेघेच्या अलीकडे आहे हे माहीत असावं लागतं.

आमची युक्ती अशी होती. पूर्व-पश्चिम जायचं ते रेल्वेने. स्टेशनवर उतरून उत्तरेला नदीकडे जायचं ते एस.टी.ने, नाहीतर पायी. मग नदीच्या काठाने जमेल तितकं चालायचं आणि दुसऱ्या गावातून गाडी धरून संध्याकाळी घरी. खर्च चहा-भजी धरूनही किरकोळ. धुळेकर मित्राला हे रेल्वेचं गणित फारसं आवडलं नाही, कारण धुळ्याला चाळीसगावचा एकच फाटा आहे. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. “तो होईपर्यंत मी एस.टी.च,” तो म्हणतो.

बेटावदहून निघालो ते पांझरेच्या काठाने. धुळ्यात एकवीरेच्या देवळाशी वाहणारी, शहराचं सगळं सोसणारी ही नदी पुढे उत्तरेकडे वळते हे मित्राला नकाशावरून माहीत होतं. पण पन्नास वर्षं जिच्या काठावर काढली ती कुठे संपते हे त्याने पाहिलं नव्हतं. हिवाळ्यातलं पात्र: मधे पाण्याची पट्टी, बाजूला वाळू, वाळूत बाभळी. काठावरून चालता येईल अशी आमची कल्पना पहिल्या तासातच मोडली. तापीच्या खोऱ्यातला गाळ शेकडो फूट खोल आहे, आणि अशा मऊ मातीत पावसाचं पाणी वाटेल तसं शिरतं. दर थोड्या अंतरावर एक ओघळ आडवा येतो. काही ओघळ उडी मारून ओलांडता येतात, काहींत दोन मजली घर मावेल. तळाशी बोरी, हिवर आणि नीलगायींच्या लेंड्या. उतरायचं, चढायचं, अंगातले काटे काढायचे. नाहीतर मुकाट शेताच्या बांधाने आत जाऊन ओघळीच्या उगमाला वळसा घालायचा.

या वळशांतच मला पहिली खरी गोष्ट कळली. काठाला वाटा नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण सगळ्या उभ्या. गावातून निघायची आणि सरळ नदीत उतरायची. गुरांची वाट पाण्यापर्यंत, धुणं धुणाऱ्या बायकांची घाटापर्यंत, मयतीची वाट मसणवट्यापर्यंत, कानबाई देवीच्या विसर्जनाची डोहापर्यंत. सगळ्यात ठळक वाट मोटारीची. काठावर पंप, पंपापासून शेतापर्यंत पाइप, आणि पाइपाला धरून एक माणूस चालेल एवढी पायवाट. शेतीची लाइट रात्री येते, मग शेतकरी बॅटरी घेऊन त्या वाटेने मोटार चालू करायला जातो. रोज जातो म्हणून वाट राहते. नदीला लागून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं कोणाला कामच नाही. त्यामुळे नकाशावर पाहिलं तर तापीचा काठ फणीसारखा दिसेल: दाते खूप, पण दात्यांना जोडणारी दांडी गावांच्या मागून डांबरी रस्त्याने जाते.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला हजार किलोमीटरची किनारवाट आहे. लोक त्या वाटेने दिवसभर चालतात आणि संध्याकाळी बस धरून परततात. ती वाट सहलीसाठी झालेली नव्हती. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला तटरक्षक शिपाई रोज एका चौकीतून दुसऱ्या चौकीकडे कड्याच्या काठाने चालत, प्रत्येक खाडीत डोकावत. त्यांच्या पायांनी ती आडवी वाट पडली. आमच्याकडे तापीवर असं काही चोरून उतरत नव्हतं. आता उतरतं, म्हणजे खरं तर चढतं: वाळू. पण तिच्यावर नजर ठेवणारे काठाने चालत नाहीत.

वाळूवरून आठवलं. टोपी, दुर्बीण आणि वहीत काहीतरी लिहिणारे दोन पन्नाशीचे पुरुष नदीत दिसले की लोक काय समजतात? एका वळणावर ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला पाहून इंजिन बंद केलं आणि पोरगं पुढे पाठवलं. “तलाठी आप्पा शेत का?” आम्ही नाही म्हणालो. “मंग तहसीलना?” तेही नाही. मग ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला आणि जाताना त्याने आम्हाला हात केला.

दुपारी मुडावदला पोचलो. संगमावर कपिलेश्वराचं देऊळ आहे. शिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर एक म्हातारे बाबा आणि एक कुत्रं झोपलं होतं. देवळाच्या मागून खाली पाहिलं. डावीकडून पांझरा येते, बारीक, मातकट, जरा थकलेली. समोर तापी, रुंद, हिरवट, स्वस्थ. मिळताना काही आवाज होत नाही. थोडं अंतर दोन रंग दिसतात, मग एकच. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आपल्या गटारीचं पाणी पण इथंच येतं रे.” पिशवीतून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. नदीच्या पलीकडे उंच मातीचा काठ, त्यावर केळीच्या बागेची गडद पट्टी, आणि मागे सातपुडा, इथून हात लांबवला तर लागेल असा.

परतीची गाडी वेळेवर आली. पुढे एकदा दुसऱ्या गावी ती आली नाही, त्याबद्दल नंतर.

एस.टी.चं वेळापत्रक हा ग्रामीण समाजशास्त्राचा ग्रंथ आहे. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून तो रोज लिहिला जातो. खेड्यातली गाडी सकाळी शहराकडे जाते: विद्यार्थी, दवाखाना, कोर्ट, बाजार. संध्याकाळी त्यांना घेऊन परतते. चालणाऱ्याला नेमकं उलट हवं असतं. त्याला सकाळी खेड्यात जायचं असतं. सुदैवाने शहरात माणसं सोडून गाडीला परत यावंच लागतं, आणि ती येते जवळजवळ रिकामी. त्या रिकाम्या गाडीत खिडकीची जागा मिळते आणि कंडक्टरला गप्पांना वेळ असतो. कोणत्या फाट्यावर उतरावं, कोणत्या नाल्यात अजून पाणी आहे, कोणाच्या शेतातला कुत्रा वाईट आहे, हे सगळं तिकिटाबरोबर मिळतं.

दुसरी गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. सुटीचा दिवस म्हणून रविवारी निघू नये. खेड्यांच्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या घंटेवर चालतात. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या तर मुलींना शाळेत नेण्यासाठीच आहेत. शाळा बंद तर फेरी बंद. शनिवार मात्र उत्तम. सकाळची शाळा, त्यामुळे दुपारीच मुलांनी भरलेली गाडी गावाकडे निघते आणि परत जाताना आपल्याला घेऊन जाते.

मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. त्याचा परिणाम सांगायला आकडे लागत नाहीत, शिरपूर-थाळनेर गाडीत एकदा बसावं. आमच्या गाडीत पुढच्या चार बाकांवर आज्याच आज्या होत्या. एकीने विचारलं कुठे जाता. थाळनेरला, कबरी बघायला. ती म्हणाली, “मनं म्हायेर तठलंच. साठ वरीस व्हई गयात, मी नही देख्यात.”

थाळनेर पाहायलाच हवं. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने हा मुलूख मलिक राजाला दिला आणि फारुकी घराण्याची सुरुवात इथून झाली. त्याच्या मुलाने, नसीरखानाने, बऱ्हाणपूर वसवलं आणि थाळनेर मागे पडलं. फारुकींच्या कबरी गावाला लागूनच आहेत. त्यातल्या अष्टकोनी इमारतीच्या भिंतींवरचं कोरीवकाम पाहिलं की वाटतं, हे कारागीर इथे नुसते मुक्कामाला आले नसावेत. किल्ल्याचं आता फार उरलेलं नाही. मातीचे बुरूज, थोडी भिंत, आणि एका अंगाला थेट खाली तापी. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला. होळकरांनी तहात खान्देश इंग्रजांना देऊन टाकला होता. किल्लेदार तुळशीराम मामाला ते मान्य नव्हतं की नीट कळलेलं नव्हतं, यावर वाद आहे. दरवाज्यात बोलणी चालू असताना गोंधळ झाला, इंग्रज अधिकारी पडले, मग आतली शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. या फाशीवर खुद्द इंग्लंडात टीका झाली. त्याच बुरुजाखालच्या घाटावर आम्ही पोचलो तेव्हा एक बाई गोधड्या आपटत होती आणि तिची मुलगी मोबाइलवर शाळेचा अभ्यास वाचून दाखवत होती.

शिरपूरहून परत येताना महामार्गाच्या पुलाअलीकडे सावळदे लागतं. मुंबई-आग्रा रस्त्यावरून रोज हजारो गाड्या या पुलावरून जातात. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ‘सावळदा संस्कृती’ म्हणून जो ताम्रपाषाणयुगाचा टप्पा येतो, इसवी सनापूर्वी सुमारे दोन हजार वर्षांचा, तो तापीकाठच्या अशाच नावाच्या गावावरून ओळखला जातो. तिथे सापडलेल्या रंगीत खापरांवरून ते नाव पडलं. त्या खापरांवर मासे, प्राणी, बाणांची टोकं रंगवलेली आहेत. इतक्या जुन्या काळी नदीकडे बघून मासा काढणारा माणूस तापीकाठी बसलेला होता. आपण पुलावरून जाताना रुपयाचं नाणं टाकतो.

आता ती न आलेली गाडी. गावाचं आणि आगाराचं नाव सांगत नाही. साडेपाचची गाडी होती. साडेसहाला पारावरच्या लोकांनी सांगितलं की लग्नसराई आहे, गाडी बहुतेक प्रासंगिक करारावर वऱ्हाड घेऊन गेली असेल. काळी-पिवळी त्या रस्त्याला बाजाराच्या दिवशीच. आठ वाजता दिवे दिसले. मुक्कामी गाडी! ती पहाटे सहाला सुटणार. ड्रायव्हर-कंडक्टरने देवळाच्या सभामंडपात आमच्यासाठीही सतरंजी पसरली. कोणाच्या तरी घरून भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. कोणाच्या, ते अंधारात कळलं नाही आणि सकाळी विचारलं तर कोणी सांगितलं नाही. कंडक्टर वीस वर्षं अशा मुक्कामांवर काढतो आहे. तो म्हणाला, आधी प्रत्येक गावात मुक्कामी गाडी होती, आता पोरांकडे मोटारसायकली आल्या. रात्री दोनदा जाग आली. एकदा नदीवरच्या टिटवीने, एकदा मोटार चालू करायला निघालेल्या माणसाच्या बॅटरीने. पहाटे गाडी सुटली तेव्हा तापीवर धुकं होतं आणि गाडीत दहावीच्या मुली ‘इतिहास’ पाठ करत होत्या. एका दिवसाची सहल दीड दिवसाची झाली, आणि दोन हिवाळ्यांतली तीच मला सगळ्यात नीट आठवते.

नदी आता ठिकठिकाणी उभी आहे, हेही सांगितलं पाहिजे. पावसाळ्यात दरवर्षी ‘हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले’ अशी बातमी येते आणि काठच्या गावांना इशारा दिला जातो. पण इतर आठ महिने धरणं आणि बॅरेज पाणी अडवून धरतात. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा: तापी पायऱ्या उतरते आहे असं वाटतं. जुन्या लोकांना याचं दुःख आहे, मला अर्धंच आहे. उभ्या पाण्यावर पक्षी येतात. हतनूरच्या फुगवट्यावर थंडीत पट्टकादंब आणि चक्रवाक उतरतात. भुसावळहून मुक्ताईनगरची गाडी धरली तर एका दिवसात ते आणि चांगदेवाचं दगडी मंदिर दोन्ही होतं. चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात. कोरं पत्र पाठवणारा चांगदेव आणि त्याला ‘अजून कोराच’ म्हणणारी मुक्ताई, दोघांचीही नावं या एका संगमाच्या परिसराशी जोडलेली आहेत. तिथल्या लोकांना चालण्याचं नवल वाटलं नाही. मुक्ताईची पालखी दर उन्हाळ्यात इथून पंढरपूरला निघते, आषाढीला सगळ्यात लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ती एक. “नुसते नदीपर्यंतच?” एका वारकरी आजींनी आम्हाला विचारलं. पहिल्यांदाच कोणी ‘तिथे काय आहे’ असं विचारलं नाही.

आता तापीकाठी ‘रिव्हरफ्रंट’ व्हावा अशी मागणी अधूनमधून निघते. कठडे, फरशी, रंगीत दिवे, सेल्फीची जागा. मला त्यातलं काही नको आहे. फरशी घातली की उभ्या वाटा तुटतात. मोटारीचा माणूस, म्हशी, धुणं हे सगळं ‘अस्वच्छ’ ठरतं आणि काठ ज्यांचा आहे त्यांनाच तिकीट काढून यावं लागतं. आमचं मागणं त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढंही नाही. शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, चोपडा, यावल, मुक्ताईनगर या स्टँडांवर नदीकाठच्या गावांच्या गाड्यांची वेगळी पाटी लावावी, जाण्याच्या आणि परतीच्या वेळांसह. मोठ्या ओघळींवर चार-दोन ठिकाणी दगड टाकावेत. बाकी काठ आहे तसा असू द्यावा. अखंड वाट नसली तरी एका दिवसाच्या चालीला एक दाता पुरतो.

ज्यांना जायचं असेल त्यांनी दिवाळीनंतर निघावं आणि शिवरात्रीच्या आत आटपावं. पुढे आमच्या उन्हाला तोंड देण्यात शहाणपण नाही. पाणी दोन लिटर, काठी एक, टोपी. केळीच्या बागेत मालकाला हाक मारल्याशिवाय शिरू नये, आणि अंधार पडल्यावर तर नाहीच, बिबट्या असतो. झटका मशीनची, म्हणजे विजेच्या कुंपणाची तार दिसली तर वळसा घ्यावा. बाहेरून डोह उथळ दिसतात, पण वाळू काढलेल्या जागी अचानक पुरुषभर खोल असतात. पोहायचा मोह टाळा. निघताना शनिवार बघा. परतीच्या गाडीची वेळ मी इथे मुद्दाम देत नाही, कारण हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ती बदललेली असेल. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत विचारा, आणि त्या गावी उतरल्यावर पारावर पुन्हा एकदा विचारा.